पंगतीत आपलं पान कितव्या ओळीत?

नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या माझ्या आत्याचं घरापासून तीन मिनिटांवरच्या एका पतसंस्थेत खातं होतं. कलेक्शनवाला रोज संध्याकाळी दारात यायचा. आत्या पदराची गाठ सोडून शंभराची नोट द्यायची आणि तो हातातल्या छोट्या मशीनमधून पावतीची चिटोरी फाडून तिच्या हातावर ठेवायचा. वर्षाअखेर साठलेल्या पैशाची मुदत ठेव व्हायची, व्याज बँकेपेक्षा दोन-अडीच टक्के जास्त. अशा अकरा पावत्या झाल्या, मिळून ३ लाख ८० हजार. मग एका सोमवारी शटर अर्धं खाली आणि त्यावर कागद: ‘तांत्रिक कारणास्तव व्यवहार बंद आहेत.’ या गोष्टीला चार वर्षं झाली. तांत्रिक कारण अजून दुरुस्त झालेलं नाही.

आत्या रडली नाही. तिनं मला एकच विचारलं, “मले एवढंच सांग, पैसे जळले तर नाही ना? मग गेले कुठं?”

मी इतवारीत दुकानदारांचे हिशेब लिहितो, जीएसटी भरून देतो. मला वाटलं, दोन मिनिटांत समजावून सांगेन. पण तिचा प्रश्न वाटला त्यापेक्षा खोल निघाला. २००८ साली अमेरिकेत लोक हेच विचारत होते आणि २०१९ साली मुंबईत पीएमसी या सहकारी बँकेच्या दारात उभे असलेलेही हेच विचारत होते. तिला चार-पाच बैठकांत जे सांगितलं, ते इथं लिहून काढतो.

उसनं आपणच देतो

पहिली गाठ इथंच सोडवावी लागते. बँक म्हणजे लॉकर नव्हे. आपण पैसे ‘ठेवतो’ म्हणतो, ठेवपावतीही मिळते, म्हणून वाटतं की ते कुठंतरी आपल्या नावानं पडून आहेत. खरं तर ठेव म्हणजे आपण बँकेला दिलेलं उसनं. बँक त्यातला थोडा भाग रोख आणि सरकारी रोख्यांत ठेवते, बाकीचा दुसऱ्याला कर्जाऊ देते. कर्ज घेणारे हप्ते भरत राहिले आणि सगळे ठेवीदार एकाच दिवशी दारात आले नाहीत, तर हा गाडा पिढ्यान्‌पिढ्या चालतो. आत्याचे पैसे जळले नव्हते. ते कुणाला तरी दिले होते आणि त्यानं परत केले नव्हते.

दुसरी गाठ कर्जावर चढवलेल्या धंद्याची. मिहान या विमानतळाजवळच्या औद्योगिक प्रकल्पाची हवा होती तेव्हा वर्धा रोडवर प्लॉट घ्यायला अर्धं नागपूर धावत होतं, तेव्हाचं उदाहरण घ्या. तीस लाखांचा प्लॉट, पदरचा एक लाख, बाकी एकोणतीस उसने. भाव दहा टक्के चढला की तीन लाख फायदा, म्हणजे एका लाखावर तीन लाख, आणि माणूस चौकात शहाणा ठरतो. पण भाव फक्त चार टक्के उतरला तरी एक लाख वीस हजारांचा तोटा. पदरचा लाख गेलाच, वर वीस हजारांचं देणं अंगावर. दहा नाही, वीस नाही, चार टक्के!

लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतली गुंतवणूक बँक नेमकी याच गणितावर उभी होती. १८५० साली सुरू झालेली पेढी, सहाशे अब्ज डॉलरहून जास्त मालमत्ता, आणि स्वतःच्या एका डॉलरवर जवळपास तीस डॉलरची उलाढाल. मालमत्ता कसली, तर बरीचशी घरकर्जांना बांधलेले कागद. ज्यांना हप्ता झेपणार नाही अशांना घरकर्जं देऊन, ती गठ्ठ्यानं बांधून पुढं विकलेली. विकणाऱ्याला वसुलीची फिकीर नव्हती, कारण कर्ज त्याच्याकडे राहणारच नव्हतं. अमेरिकेत घरांचे भाव उतरले आणि १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमननं दिवाळखोरीचा अर्ज केला.

मुदपाकखान्यात जेवलेले

आता आत्याचा दुसरा प्रश्न. “संस्था बुडाली, तर अध्यक्षाचा बंगला कसा नाही बुडाला?”

लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणा. शेवटच्या ओळीपर्यंत जिलेबी पोचत नाही, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण जे मुदपाकखान्यातच, पंगत बसायच्या आधी जेवून घेतात, त्यांना जिलेबी संपल्याचं कळतही नाही. कंपन्यांत हे जेवण पगार, बोनस, कमिशन आणि लाभांश या नावांनी होतं. यंदा नफा दिसला की यंदाच बोनस. तो नफा खोटा होता हे तीन वर्षांनी कळतं, तोवर जेवणारा हात धुऊन निघून गेलेला असतो. आचाऱ्याला वाढलेल्या ताटांवर मजुरी ठरवली आणि किती पाहुणे आजारी पडले ते विचारलंच नाही, तर तो ताटं वाढवतच सुटणार. मला तरी यात आचाऱ्याच्या नियतीपेक्षा ठरावाचा दोष जास्त दिसतो.

अमेरिकेतली एआयजी ही विमा कंपनी बुडू नये म्हणून सप्टेंबर २००८ मध्ये तिथल्या सरकारी यंत्रणेनं आधी ८५ अब्ज डॉलर ओतले. मार्च २००९ मध्ये बातमी आली की ज्या विभागानं कंपनी खड्ड्यात घातली, त्यातल्याच लोकांना १६ कोटी ५० लाख डॉलरचे बोनस वाटले जाताहेत. त्याआधी नोव्हेंबरात डेट्रॉइटच्या तिन्ही मोटार कंपन्यांचे प्रमुख सरकारकडे मदत मागायला वॉशिंग्टनला गेले, ते तीन वेगवेगळ्या खासगी विमानांनी. लोक चिडले ते रकमेपेक्षा या मस्तीवर.

आपल्याकडे? ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम या आयटी कंपनीच्या अध्यक्षांनी पत्र लिहून कबूल केलं की खात्यांत दाखवलेली हजारो कोटींची रक्कम मुळात नाहीच. याच सत्यमनं मिहानमध्ये जमीन घेतली होती आणि आमच्या ओळखीतली कितीतरी पोरं नोकरीच्या आशेनं तिकडं डोळे लावून बसली होती. २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही रस्ते-पुलांसारख्या प्रकल्पांना पैसा पुरवणारी कंपनी हप्ते चुकवू लागली, तेव्हा तिच्या समूहावर सुमारे ९१ हजार कोटींचं कर्ज होतं. आणि कोसळण्याच्या काही आठवडे आधीपर्यंत तिला ‘ट्रिपल ए’, म्हणजे कर्जफेडीसाठी सर्वात भरवशाचं, असं मानांकन होतं. मानांकन देणाऱ्याची फी कोण भरतं? ज्याला मानांकन हवं, तोच. परीक्षेचा पेपर तपासणाऱ्याला मुलाच्या बापानं पगार द्यावा, असा हा प्रकार.

नागपूरकरांना तर यासाठी लांब जायची गरज नाही. २००२ मध्ये नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेनं दलालांमार्फत सरकारी रोखे घ्यायला दीडशे कोटींच्या घरातली रक्कम दिली. पैसे गेले, रोखे आलेच नाहीत. खातेदार कोण, तर काटोल, सावनेर, उमरेडकडचे शेतकरी. निकाल लागायला डिसेंबर २०२३ उजाडला. बँकेच्या माजी अध्यक्षासह काही जण दोषी ठरले. मधली एकवीस वर्षं ठेवीदारांनी काय केलं असेल, हे कोणत्याच निकालपत्रात लिहिलेलं नसतं. २०१३ आणि २०१४ मध्ये तर शहरात एकामागून एक गुंतवणूक योजना कोसळल्या. त्यात निवृत्त प्राध्यापक होते, डॉक्टर होते, इंजिनिअर होते. शिकलेला माणूस फसत नाही, असं म्हणणाऱ्याला मी धरमपेठेत चहाला नेतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते, तेव्हा घोटाळेबाजांचे बडगे, म्हणजे पुतळे, नाचवत आपण गळा फुटेस्तोवर ओरडतो, “घेऊन जा गे मारबत!” मन हलकं होतं, मीही ओरडतो. पण मारबत घोटाळा घेऊन जाते, ठेव परत आणत नाही.

ओळ लागते तेव्हा

संस्था बुडाल्यावर उरलंसुरलं कुणाला कोणत्या क्रमानं वाढायचं, हे कायद्यानं आधीच ठरलेलं असतं. लोक व्याजाचा दर विचारतात. मी आता ओळ विचारतो. पैसे गुंतवायच्या आधी, नंतर नाही.

सर्वात पुढची ओळ बँकेतल्या ठेवींची. १९६० मध्ये पलाई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक बुडाल्या, त्यानंतर ठेव विम्याचा कायदा आला आणि १९६२ पासून महामंडळ सुरू झालं. तेव्हाचं संरक्षण दीड हजार रुपये. १९९३ मध्ये ते एक लाख झालं आणि पुढची जवळजवळ सत्तावीस वर्षं तिथंच अडकलं. पीएमसी प्रकरणानंतर लोक रस्त्यावर आले, तेव्हा कुठं ४ फेब्रुवारी २०२० पासून ते पाच लाख झालं. विम्याचा हप्ता बँक भरते, आपल्याला अर्जबिर्ज काही करावा लागत नाही.

या पाच लाखांत काय काय बसतं, ते मात्र नीट समजून घ्या. मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाख. एकाच बँकेच्या सीताबर्डी, धरमपेठ आणि कामठीच्या शाखांत तीन खाती असली तरी सगळी बेरीज करून पाच लाख. बचत खातं, चालू खातं, मुदत ठेव, आवर्ती ठेव, सगळं एकत्र. दुसऱ्या बँकेत मात्र वेगळे पाच लाख. नवरा-बायकोचं संयुक्त खातं हे एकट्याच्या खात्यापासून वेगळं धरलं जातं. म्हणजे निवृत्तीचे वीस लाख आले आणि ‘ओळखीचा मॅनेजर आहे’ म्हणून एकाच छोट्या बँकेत टाकले, तर पंधरा लाख विम्याच्या छत्रीबाहेर भिजत बसतात.

पीएमसीत मोठ्या ठेवीदारांचं नेमकं हेच झालं. बँकेच्या एकूण कर्जांपैकी साडेसहा हजार कोटींहून जास्त कर्ज एकाच बिल्डर समूहाला दिलेलं, आणि ते लपवायला एकवीस हजारांवर खोटी खाती. २३ सप्टेंबर २०१९ ला निर्बंध आले तेव्हा पहिला आदेश असा होता की सहा महिन्यांत एक हजार रुपये काढता येतील. एक हजार! नंतर मर्यादा टप्प्याटप्प्यानं वाढली, जानेवारी २०२२ मध्ये बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली. पण मोठ्या ठेवीदारांची उरलेली रक्कम दहा वर्षांपर्यंत हप्त्यांनी मिळेल, असं ठरलं. सत्तर वर्षांच्या माणसाला दहा वर्षांचा वायदा. यातून एक चांगली गोष्ट निघाली: २०२१ च्या दुरुस्तीनं असं ठरलं की बँकेवर निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याचे पैसे ठेवीदाराला मिळावेत. त्याआधी बँक पूर्ण गुंडाळली जाईपर्यंत थांबावं लागायचं.

आणि आता आत्याची ओळ. पतसंस्था ही बँक नाही. तिच्या ठेवींना हा विमा नाही. रिझर्व्ह बँक तिच्यावर देखरेख करत नाही. ती सहकार खात्याच्या, म्हणजे उपनिबंधकांच्या अखत्यारीत येते. पाटीवर ‘अर्बन’, ‘नागरी’, ‘सहकारी’ असं काहीही असलं आणि आत काचेचं काउंटर असलं तरी हे बदलत नाही. मी म्हणत नाही की सगळ्या पतसंस्था वाईट. भाजीवाल्याला दहा हजारांचं कर्ज त्याच देतात, मोठी बँक त्याला दारात उभं करत नाही. पण तिथं जे दोन-अडीच टक्के जास्त मिळतात ना, ते प्रेमापोटी नसतात. विमा नसल्याची ती किंमत असते. आत्याला ही किंमत कुणी सांगितली नव्हती. “आपल्या घरचीच संस्था आहे,” एवढंच सांगितलं होतं.

कंपन्यांच्या मुदत ठेवी आणि रोखे यांची ओळ आणखी मागं. २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यात क्रम असा: आधी प्रक्रियेचा खर्च, मग तारण असलेले सावकार आणि कामगारांची दोन वर्षांपर्यंतची देणी, मग इतर कर्मचाऱ्यांचा वर्षभराचा पगार, मग विनातारण सावकार, मग सरकारी देणी, आणि अगदी शेवटी भागधारक. घरासाठी पैसे भरून बसलेल्यांना २०१८ पासून सावकारांमध्ये गणलं जातं, त्याआधी त्यांना धड ओळच नव्हती. आणि कधीकधी ओळही मोडते. मार्च २०२० मध्ये येस बँक वाचवताना ८,४१५ कोटींचे ‘एटी वन’ रोखे, म्हणजे बँक अडचणीत आली की रद्द करता येणारे रोखे, शून्य केले गेले, भागधारकांचे शेअर मात्र शिल्लक राहिले. हे रोखे कित्येक निवृत्तांना मुदत ठेवीसारखेच म्हणून विकले गेले होते. वाद न्यायालयात गेला. पावतीवर ‘ठेव’ लिहिलंय की ‘बाँड’, हा एक शब्द कुणी वाचला असता तर? पण वाचून दाखवणाऱ्याला कमिशन विकल्यावर मिळतं.

हप्ता तोच, वर्षं वेगळी

ठेवच नाही तरी संकट घरात येतं, ते कर्जाच्या दारानं. माझ्या भाच्यानं २०२१ मध्ये मनीषनगरात फ्लॅट घेतला. २५ लाख कर्ज, ७ टक्के बदलता दर, वीस वर्षं. हप्ता १९,३८२ रुपये. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं उसनं देते तो, ४ वरून साडेसहावर गेला. भाचा खुशीत होता, कारण त्याचा हप्ता एक रुपयानंही वाढला नव्हता.

मी त्याला कागद घेऊन बसवलं. हप्ता तोच ठेवून दर साडेआठ झाला, तर वीस वर्षांची एकोणतीस होतात. नऊ झाला, तर अडतीस. साडेनऊ झाला, तर महिन्याचं नुसतं व्याजच १९,७९२ रुपये होतं, म्हणजे हप्त्यापेक्षा जास्त. हप्ते भरतोय आणि कर्ज वाढतंय! (हा हिशेब पूर्ण मुद्दल बाकी धरून केलाय, थोडं फेडलेलं असेल तर आकडे जरा सौम्य होतात, चित्र तेच राहतं.) भाच्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, “मामा, मी तर साठीनंतरही हप्ते भरत राहीन.”

शाखेत गेलो तर टेबलावरचा पोरगा म्हणाला, “ते सिस्टीममधूनच होते जी.” सिस्टीममधून होतं हे खरं, पण विचारल्याशिवाय होऊ नये असा नियम आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं सांगितलं की दर बदलला की हप्त्यावर आणि मुदतीवर काय परिणाम होतो ते कर्जदाराला कळवा. हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे त्याला निवडू द्या. आणि हप्त्यात महिन्याचं व्याजही निघत नाही, अशी वेळ येऊ देऊ नका. भाच्यानं लेखी अर्ज दिला, हप्ता दोन हजारांनी वाढवून घेतला आणि दिवाळीचा बोनस आला की मुद्दलात टाकायचं ठरवलं. बदलत्या दराच्या घरकर्जात मुदतीआधी पैसे भरायला दंड लागत नाही, हेही त्याला तिथंच कळलं. २०२५ मध्ये दर उतरले, तेव्हा त्यानं हप्ता कमी करू दिला नाही. वर्षं कमी करून घेतली. तुमचं कर्ज बेस रेट किंवा एमसीएलआर या, बँकेनं स्वतः ठरवलेल्या, जुन्या दरांना बांधलेलं असेल तर रेपो उतरला तरी दर उतरताना रेंगाळतो. ते रेपोला जोडून द्या, असा अर्ज थोडी फी भरून करता येतो.

हप्ता खरोखरच झेपेनासा झाला, तर पळू नका. तीन हप्ते थकले की खातं एनपीए, म्हणजे थकीत, ठरतं, त्याआधी बँकेत जाऊन बोलणं सोपं असतं. ‘सेटलमेंट करून टाका’ या सल्ल्याला लगेच भुलू नका. क्रेडिट अहवालावर ‘सेटल्ड’ असा शिक्का वर्षानुवर्षं राहतो आणि पुढचं कर्ज अडतं. वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायची मुभा नाही, शेजाऱ्यांना, नातेवाइकांना सांगून अब्रू काढायची तर मुळीच नाही. फोनवरच्या झटपट कर्जाच्या अ‍ॅपांबद्दल माझं मत एका ओळीचं आहे: जे अ‍ॅप कर्ज देण्याआधी तुमच्या फोनमधली सगळी नावं मागतं, ते कर्ज नाही, गळफास देतं.

लोक खरंच काय करतात

अर्थतज्ज्ञांच्या सल्ल्यात सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवलेला असतो. हिंगण्यातल्या ठेक्यावरच्या कामगाराकडे सहा महिने सोडा, सहा दिवसांचा नसतो. तो काय करतो? आधी किराणावाल्याकडे वही सुरू होते. मग भिशी लवकर उचलली जाते. मग बायकोच्या बांगड्या.

सोनं गहाण ठेवण्यात आपल्याकडे उगाच लाज आहे. मला तर तो सगळ्यात शहाणा मार्ग वाटतो. घर विकावं लागत नाही, पगाराचा पुरावा लागत नाही, आणि जग घाबरतं तेव्हा सोन्याचा भाव सहसा चढलेला असतो. घात होतो तो तारखेनं. व्याज साठत जातं, नोटीस जुन्या पत्त्यावर जाते, आणि पेपरात लिलावाच्या जाहिरातीत आपला खाते क्रमांक छापून येतो. बांगड्या ठेवताना पावतीवर वजन आणि शुद्धता लिहून घ्या, मुदतीची तारीख कॅलेंडरवर भिंतीवरच लिहा.

भिशी चालते ती तोंडओळखीवर. वीस बायका एकाच गल्लीतल्या असतील तोवर ती बँकेपेक्षा पक्की. व्हॉट्सअ‍ॅपवर अनोळखी लोकांची भिशी सुरू झाली आणि कुणी ‘महिन्याला पाच टक्के’ म्हणालं, की ती भिशी राहिली नाही.

एक गोष्ट मी पीएमसीनंतर स्वतःच्या घरात बदलली. खाती दोन बँकांत ठेवली, त्यातली एक सरकारी. एका बँकेवर अचानक मर्यादा आली तर महिन्याचा किराणा आणि आईची औषधं अडू नयेत, एवढ्यापुरतं.

आणि बाजारातली छोटी लूट, जी संकटात हळूच वाढते: पाच रुपयांचा पुडा पाचचाच राहतो, आतली बिस्किटं कमी होतात. पाकिटावर आता ग्रॅममागे दर छापावा लागतो, तो बारीक आकडा बघायची सवय माझ्या बायकोनं लावली. मला अजून चष्मा काढावा लागतो.

तक्रार कुठं

रिझर्व्ह बँकेची इमारत संविधान चौकात आहे, जुने लोक अजून आरबीआय चौकच म्हणतात. त्यामुळे लोकांना वाटतं, तिथं जाऊन उभं राहिलं की झालं. तसं नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार, पोच घेऊन. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, ऑनलाइन. कागदावर पाठवायची तर ती नागपुरात नाही, चंदीगडला जाते. फी नाही, वकील नाही.

वस्तू किंवा सेवेत फसलात तर १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक. त्यानं नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोग, सिव्हिल लाइन्समधल्या प्रशासकीय इमारतीत. ५० लाखांपर्यंत दिलेल्या मोबदल्याची प्रकरणं तिथं चालतात, पाच लाखांपर्यंत फी नाही, आणि स्वतःचं म्हणणं स्वतः मांडता येतं. मुदत दोन वर्षांची, ती मात्र पाळा. ठेवी घेऊन पळालेल्या संस्थांसाठी महाराष्ट्राचा १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा आहे, एमपीआयडी म्हणतात तो. त्यात संचालकांची मालमत्ता जप्त करून विकता येते. वेळ लागतो, खूप लागतो. पण ज्यांची नावं आणि कागद फिर्यादीच्या यादीत असतात त्यांचाच विचार होतो. शेजाऱ्यानं तक्रार केलीय म्हणून आपण गप्प बसणं इथं महागात पडतं.

आत्याच्या संस्थेवर आता अवसायक, म्हणजे संस्था गुंडाळून देणी भागवणारा अधिकारी, नेमलाय. गेल्या महिन्यात मी तिला घेऊन दाव्याचा अर्ज भरायला गेलो. जिन्यावर रांग, प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत पावत्या. कारकून बाई भल्या होत्या, एकेक पावती उलटून बघत होत्या. अकरापैकी नऊ निघाल्या. उरलेल्या दोन आत्यानं शटर पडायच्या आठ दिवस आधी ‘नूतनीकरणाला’ म्हणून कलेक्शनवाल्याच्या हाती दिल्या होत्या, झेरॉक्स न काढता. त्या दोनांचे मिळून ८५ हजार. बाई म्हणाल्या, “पासबुकात नोंद असंल तर लावा, बघू.” पासबुकात शेवटची नोंद त्याच्या दीड वर्ष आधीची होती.

परत येताना बडकस चौकात झेरॉक्सचं दुकान लागलं. आत्या म्हणाली, “थांब जरा,” आणि पिशवीतून नऊच्या नऊ पावत्यांच्या पोचा, पोस्टाचं पासबुक, विजेचं बिल, एवढंच नाही तर रेशनकार्डसुद्धा काढून काउंटरवर ठेवलं. “दोन-दोन कॉप्या काढ,” दुकानवाल्याला म्हणाली. “आन् हे, मांगची बाजू पन.”